पंधराव्या वर्षी कोण गेलं?

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या शहरावरचा लेख वाचला. ‘तिथला मजूर जेमतेम पंधरा वर्षं जगे’ हे त्यातलं वाक्य खटकलं. नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे असलं काही दिसलं की राहवत नाही.

आकडा खराच आहे. तिथले आरोग्य-सुधारक एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालात लिव्हरपूलमधल्या मृतांचं सरासरी वय दिलंय : उच्चभ्रू ३५, दुकानदार २२, मजूर १५. पण पाच नोंदी धरा, वयं १, १, १, २७ आणि ४५. बेरीज ७५, सरासरी १५. पंधराव्या वर्षी गेलेला यात कुणीच नाही. त्याच अहवालानुसार तिथल्या मजूरवर्गातले ६२ टक्के मृत्यू पाच वर्षांखालच्या मुलांचे होते. लेखात नेमकं तेच राहिलं.

तान्ह्यांच्या मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात तिकडे तेव्हा ‘आकडी’, ‘दात येणे’, ‘जन्मतः अशक्तपणा’ असं लिहीत. मला याचं हसू आलं नाही. आमच्या खिडकीवर एक बाप आला होता. ‘दात येत होते साहेब, त्याचीच हगवण.’ हातातल्या दाखल्यावर मात्र डॉक्टरांनी जुलाबामुळे अंगातलं पाणी कमी झाल्याचं लिहिलं होतं. मी दाखल्यावरचं उतरवून घेतलं. तो जाईपर्यंत दातांचंच सांगत होता.

तिकडेही उन्हाळा आला की हगवणीने बाळं जात. आई कामावर, आणि बाळाच्या तोंडात बाटली. तिला लांब रबरी नळी, टोकाला बोंडी. बाळ पडल्या पडल्या एकटंच चोखत राही. नळी आतून धुणार कशी? नासलेलं दूध आत चिकटून राहायचं. एकूण मृत्युदर १८७० नंतर घसरू लागला, तरी १८९९ साली इंग्लंड-वेल्समध्ये हजार जन्मांमागे १६३ बाळं वर्षाच्या आत दगावली. त्याच वर्षी सेंट हेलेन्स गावात तान्ह्यांसाठी निर्जंतुक दुधाचं केंद्र निघालं. नगरपालिकेने काढलेलं, हे मुद्दाम लिहितो.

दुरुस्ती छापणार असाल तर १५ च्या शेजारी ६२ हाही आकडा छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त नोंदणी लिपिक, मिरज