हृदय दुबळे झालेल्यांना चालवणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी २९ सप्टेंबरला, जागतिक हृदय दिनाच्या निमित्ताने, चालण्याचे फायदे सांगणारे लेख प्रसिद्ध होतात. ते बहुतांशी धडधाकट वाचकांसाठी असतात. ज्यांच्या हृदयाचे ‘पंपिंग’ (हृदयात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर ढकलला जाणारा भाग) तीस-पस्तीस टक्क्यांवर आले आहे, चार पायऱ्या चढताच ज्यांना धाप लागते, अशा हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘विश्रांती घ्यावी’ एवढेच लिहिलेले असते. किती दिवस, कशी आणि विश्रांतीनंतर काय, याचा उल्लेख नसतो. घरचे लोक त्या दोन शब्दांचा अर्थ शब्दशः घेतात आणि रुग्णाला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. शासकीय रुग्णालयांच्या मेडिसिन वॉर्डात परिचारिका आणि पुढे परिसेविका (वॉर्डची प्रमुख परिचारिका) म्हणून काम केल्यामुळे, असे रुग्ण काही महिन्यांनी मांड्या-पिंढऱ्या आटलेल्या अवस्थेत परत येताना मी पाहिले आहेत.

या आजारात थकवा केवळ हृदयामुळे येत नाही; पडून राहिल्याने पायांचे स्नायू झडतात, त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता घटते आणि मग थोड्या श्रमानेही दम लागतो. बेताच्या व्यायामाने यातला बराच भाग सुधारतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एचएफ-ॲक्शन’ या अभ्यासात दुबळ्या हृदयाच्या २,३३१ रुग्णांचा समावेश होता आणि त्यात देखरेखीखाली सुरू केलेला व्यायाम सुरक्षित ठरला. मृत्यू किंवा पुन्हा भरती होणे यांत फार मोठी घट दिसली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु रुग्णांचे रोजचे जगणे सुसह्य झाले. घरी गेल्यावर ठरलेला व्यायाम नेटाने चालू ठेवणारे मात्र त्या अभ्यासातही कमीच निघाले. माझ्या मते परिचारिकेची खरी गरज इथेच आहे.

रुग्ण चालणे का सोडतो, हे खाटेजवळ बसून विचारल्याशिवाय कळत नाही. अनेक जण सकाळी अंगात साचलेले पाणी काढणारी लघवीची गोळी घेतात आणि वाटेत लघवीची घाई होईल या धास्तीने दिवसभर घराबाहेरच पडत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून गोळीची किंवा फिरण्याची वेळ मागेपुढे केली, की प्रश्न सुटतो. बायकांच्या बाबतीत ‘घरकाम होतेच की’ असे म्हणून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात धुण्याची बादली उचलणे हे सपाट रस्त्यावर सावकाश दहा मिनिटे चालण्यापेक्षा अधिक त्रासाचे असते. चालता चालता सलग वाक्य बोलता आले तर वेग योग्य, शब्द तुटू लागले तर थांबायचे, ही खूण निरक्षर रुग्णही लक्षात ठेवतो. तीन दिवसांत वजन दोन किलोंहून अधिक वाढले, पायांवर सूज चढली, बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर व्यायाम बंद करून लगेच दवाखाना गाठायचा, हेही तितकेच ठासून सांगावे लागते.

म्हणून आरोग्य विभागाला विनंती आहे की, डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी परिचारिकेने व्हरांड्यात चालवून पाहावे, आधी व नंतर नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन तपासावा आणि ‘रोज किती मिनिटे, किती वेळा’ हे डिस्चार्ज कार्डावर नातेवाइकांसमक्ष लिहून द्यावे. पहिल्या दोन आठवड्यांत एक फोन करावा आणि खेड्यातील रुग्णाची माहिती उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पोहोचवावी. जिल्ह्याच्या ठिकाणीही हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्र सहसा नसते. ते उभे राहीपर्यंत एवढे तरी करता येईल.

हे काम आधीच वाकलेल्या परिचारिकांवर आणखी एक रकाना म्हणून लादू नये, एवढी मात्र काळजी घ्यावी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला हा निकष वाचून हसू येईल. रिक्त पदे भरून, चालवण्यासाठी व समुपदेशनासाठी ड्युटीच्या तक्त्यात स्वतंत्र वेळ दाखवला, तरच हा उपक्रम कागदाबाहेर येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, सातारा