जनुक बिघडणे वेगळे, गप्प होणे वेगळे

मा. संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पानावर पल्मनरी हायपरटेन्शनविषयी, म्हणजे फुप्फुसाच्या धमनीतल्या वाढलेल्या रक्तदाबाविषयी, लेख आला. या आजाराला एरवी कोण जागा देतो! पण त्यातले 'दोष जनुकातच असल्याने हतबलता येते' हे वाक्य खटकले. माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार आहे. तिने ते वाचले, पेपराची घडी घातली आणि उठून गेली.

हा दंडाला पट्टा बांधून कळणारा बीपी नव्हे. तिचा तो बीपी नेहमीच ठीक असायचा. दहा पायऱ्या चढून ती कठडा धरून उभी राहायची, आणि आम्ही 'अशक्तपणा असेल' म्हणत वर्ष घालवले. उजव्या हृदयातून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन फुप्फुसाच्या धमनीतला दाब मोजला तेव्हा उलगडा झाला. तिथे सरासरी दाब २० मिमी पाऱ्याच्या वर गेला की तो जास्त धरतात.

आता जनुकाचे. आनुवंशिक प्रकारात बीएमपीआर२ या जनुकातल्या बदलाचा हात असतो, हे २००० साली समजले. पण तो बदल घेऊन जन्मलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकालाच आजार होतो. उलट, विनाकारण उद्भवलेला म्हणतात त्या प्रकारात बहुतेकांकडे तो बदल सापडतच नाही. म्हणजे आणखी काहीतरी घडत असले पाहिजे.

त्या 'आणखी काहीतरी'त एपिजेनेटिक बदल, म्हणजे जनुकाची अक्षरे न बदलता त्याचे काम चालू-बंद करणारे बदल, येतात, आणि लेखात नेमका त्यांचाच पत्ता नव्हता. जनुकाची अक्षरे शाबूत असतात, पण त्यावर मिथाइलचे कण चिकटतात आणि ते गप्प होते. हा आजार आपोआप होणाऱ्या उंदरांच्या एका जातीत एसओडी२ हे जनुक असे गप्प झालेले आढळले; २०१० साली ते प्रसिद्ध झाले. परिणाम असा की, ऑक्सिजन पुरेसा असूनही रक्तवाहिनीच्या भिंतीतली स्नायूपेशी तो कमी पडल्यासारखी वागते. ती वाढत सुटते, मरायची वेळ आली तरी मरत नाही. भिंत जाड होते, मधली वाट दोऱ्याएवढी उरते आणि उजवे हृदय त्या वाटेवर जोर लावून थकते. मिथाइल काढणारे औषध प्रयोगशाळेत त्या पेशींना दिले, तर जनुक पुन्हा बोलू लागले आणि पेशींची वाढ मंदावली. बिघडलेली अक्षरे अशी पुसून दुरुस्त होत नाहीत. फरक आहे तो इथे.

मात्र याचा अर्थ 'विचार बदला, जनुके बदलतील' असा काढणाऱ्यांपासूनही सावध राहावे. असले संदेश आमच्या घरी रोज येतात. औषधांनीही ते इतके सोपे नाही. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांची पकड घट्ट करून जनुके गप्प करणारी एचडीएसी विकरे रुग्णांच्या फुप्फुसांत वाढलेली दिसली. ती रोखणाऱ्या औषधांनी कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या उंदरांना फायदा झाला. पण दुसऱ्या प्रयोगात फुप्फुसाची धमनी आवळून हृदयावर ताण आणला होता. तिथे अशाच एका औषधाने उजवे हृदय अधिकच खचले. औषध फुप्फुसापुरते थांबत नाही, ही खरी अडचण.

बहिणीला हे सगळे सांगितल्यावर तिने एवढेच विचारले, "मग हृदयाला धक्का न लावणारे औषध शोधतायत का कुणी?" लेखकांनी पुढचा लेख त्यावर लिहावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक