हात वर करायला सांगतात, पण…

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकेतील मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या समाजावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. 'वरून हुकूम येतो आणि खाली माना डोलतात' असा त्याचा एकंदर सूर होता. ते अगदीच खोटे नाही, पण तेवढ्यावर थांबले तर त्या समाजातल्याच ताठ मानेच्या माणसांवर अन्याय होतो.

मुलाच्या नोकरीमुळे मी सॉल्ट लेक सिटीजवळ काही महिने राहून आलो. शेजाऱ्यांच्या आग्रहावरून एका रविवारी त्यांच्या प्रार्थनासभेला गेलो. नव्या नेमणुकांची नावे वाचली गेली. अनुकूल असणाऱ्यांनी उजवा हात वर करावा म्हटल्याबरोबर सारे हात वर. मग 'कोणाचा विरोध असल्यास त्यांनीही तसेच करावे' हेही विचारले, पण तेवढ्या वेळात चष्मा पुसून झाला नसता.

हा विधी दिखाव्यासाठी जन्मलेला नाही. जोसेफ स्मिथ यांनी एप्रिल 1830 मध्ये चर्च स्थापले आणि जुलैमधल्या एका प्रकटीकरणात (म्हणजे ईश्वराकडून आला असे मानलेल्या संदेशात) 'सर्व गोष्टी सर्वांच्या संमतीने व्हाव्यात' असे सांगितले. 'बुक ऑफ मॉर्मन' या त्यांच्या धर्मग्रंथात तर मोसाया नावाचा राजा राजेशाहीच मोडीत काढतो. एक दुष्ट राजा किती नासधूस करतो हे सांगून तो लोकमताने न्यायाधीश निवडायला लावतो. धर्मग्रंथात राजानेच सिंहासन गुंडाळल्याची कथा मला तरी दुसरीकडे आढळलेली नाही.

लेखात मोझेस थॅचर यांचे नाव हवे होते. सॉल्ट लेक सिटी ज्या युटा प्रांतात आहे, तो 4 जानेवारी 1896 रोजी अमेरिकेचे राज्य झाला. बहुपत्नीत्व आणि चर्चचा राजकीय वरचष्मा या दोन कारणांनी ती मान्यता अनेक वर्षे अडली होती. म्हणूनच राज्यघटनेत लिहिले गेले की कोणतेही चर्च राज्यावर वर्चस्व गाजवणार नाही. त्यानंतर तीनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, चर्चने जाहीरनामा काढला : वरिष्ठ धर्माधिकाऱ्याने राजकीय पदासाठी उभे राहण्याआधी चर्चच्या वरिष्ठांची परवानगी घ्यावी. थॅचर हे बारा प्रेषितांपैकी, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च नेत्यांच्या मंडळापैकी, एक आणि डेमोक्रॅट पक्षाचे. त्यांनी सही नाकारली. बी. एच. रॉबर्ट्स हे दुसरे मोठे धर्माधिकारी, तेही आधी अडून बसले होते, पण शेवटी त्यांनी सही केली. थॅचर बधले नाहीत. ज्या परिषदेत हात वर करून प्रेषितांना पाठिंबा देतात, तिथे त्यांचे नाव वाचलेच गेले नाही. वर्ष संपण्याआधी प्रेषितपदही गेले. पुढल्या वर्षी ते सेनेटच्या लढतीत उतरले आणि थोडक्यात हरले. वरिष्ठांची बाजू अशी की पूर्णवेळ धर्मसेवेत असलेल्याने दुसरे काम पत्करताना विचारायला नको का? प्रश्न रास्त आहे. पण परवानगी देणाऱ्यांनाही राजकीय मते असतातच की!

पुढे 1945 मध्ये चर्चच्या मासिकात एक वाक्य छापून आले : नेते बोलले की विचार करून झालेला असतो. युनिटेरियन या दुसऱ्या एका पंथाच्या धर्मगुरूने त्यावर विचारणा केली. चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी ही चर्चची भूमिका नसल्याचे त्याला कळवले, पण खासगी पत्रातून. छापील वाक्य घरोघरी गेले आणि खुलासा एकाच्या टपालात. साहजिकच 1979 मध्ये त्याच धाटणीचे वाक्य चर्चच्या एका वरिष्ठाने पुन्हा लिहिले : संदेष्टा (म्हणजे चर्चचा अध्यक्ष) बोलला की वाद संपला. त्याच वर्षी डिसेंबरात, स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी जाहीरपणे लढणाऱ्या सोनिया जॉन्सन यांना चर्चने बहिष्कृत केले.

तरीही चित्र एकरंगी नाही. 2008 मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहबंदीच्या बाजूने वेळ आणि पैसा द्या, असे पत्र तिथल्या मॉर्मन सभांतून वाचले गेले. त्याच चर्चच्या अध्यक्षमंडळाने 2023 मध्ये सदस्यांना लिहिले की अभ्यास न करता केवळ सवयीने एकाच पक्षाला सरसकट मत देणे हा लोकशाहीला धोका आहे. ॲरिझोना विधानसभेचे तेव्हाचे सभापती, मॉर्मन असलेले रस्टी बोवर्स, यांनी 2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल फिरवण्यास नकार दिला, तेव्हा अमेरिकेची राज्यघटना ईश्वरप्रेरित आहे या मॉर्मन श्रद्धेचा आधार घेतला. त्यांच्यावर दबाव स्वपक्षीयांचाच होता आणि 2022 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ते हरलेही. आपल्या लेखातल्या 'माना डोलणाऱ्यां'त हे गृहस्थ कुठे बसतात?

माझा आक्षेप त्या पुसटशा क्षणाला आहे, ज्यात विरोध विचारला जातो. एप्रिल 2015 च्या मोठ्या परिषदेत काही जणांनी तो खरोखर नोंदवला, 'विरोध!' म्हणून मोठ्याने ओरडून. व्यासपीठावरून उत्तर आले : मत नोंदले आहे, विरोध असणाऱ्यांनी आपल्या स्थानिक अध्यक्षांना भेटावे. आणि पुढचे नाव वाचायला घेतले.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा