बारमध्ये नाचणाऱ्या बाईचं गृहमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सोलापूर शहरात राहते आणि इथल्या एका ऑर्केस्ट्रा बारमध्ये काम करते. परवान्यावर आम्ही सगळ्या गायिका आहोत. हातात माइक असतो, त्याची वायर कुठेच जोडलेली नसते, गाणं मागून वाजतं आणि आम्ही नाचतो. आपल्या खात्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आपला वेळ मोलाचा आहे, तरी पत्र शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

गेल्या महिन्यात आमच्या बारवर छापा पडला. छाप्याबद्दल माझी तक्रार नाही, तो या धंद्यात धरूनच चालतात. पण यावेळी पोलिसांच्या पाठोपाठ मोबाईल वर धरलेली काही माणसं आत आली, ती पोलीस नव्हती. आम्हाला फरशीवर ओळीनं बसवलं. मी ओढणी तोंडावर घेतली तर ती खाली करायला लावली. एक साहेब समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "पोटासाठी करता, का हौस आहे?" सगळे हसले. साहेब उत्तराला थांबले नाहीत, पुढच्या पोरीकडे वळले.

सकाळपर्यंत तो व्हिडिओ शहरभर झाला. माझी मुलगी नववीत आहे. वर्गातल्या एका मुलानं तिला तो मधल्या सुट्टीत दाखवला. तेव्हापासून ती शाळेत गेलेली नाही. घरमालकीण, जिच्या आजारपणात मी डबे दिले, तिनं महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलंय. बारला सील आहे, त्यामुळे पैसा नाही. दुसरी खोली बघायला गेलं की आधी डिपॉझिट, मग नवरा काय करतो, मग तुम्ही काय करता.

साहेबांना ऐकायचं नव्हतं ते उत्तर आपल्याला लिहिते.

माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या. सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही गल्लीत शिरलात तर मांडीवर सूप घेतलेल्या बायका दारात बसलेल्या दिसतील. मी पाचवीत असल्यापासून पानं कापायला बसायचे. हजार विड्यांना आईच्या हातात शेवटी शेवटी दोनशेच्या आसपास पडायचे, आणि चेकरनं छाट काढली, म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला टाकल्या, की ती मेहनत फुकट. रात्रभर खोकायची. तिला कुठल्या साहेबानं कधी विचारलं नाही की बाई, विड्या वळायची हौस आहे का तुला. गिरणीतल्या माणसाला, यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्याला विचारलं नाही. पोट आहे म्हणून करतात, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. माझ्याच बाबतीत सरकारला हा प्रश्न का पडतो? आवडतं म्हटलं तर मी वाया गेलेली, आवडत नाही म्हटलं तर मी बिचारी, मला सुधारगृहात पाठवा. दोन्हीकडून माझी रोजी जाते.

माझं लग्न झालं तेव्हा नवरा मागावर होता. भिवंडीत जास्त मिळतं म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. मी युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात काज-बटणाला लागले. नगावर पैसे, काम असेल तेव्हा काम. आईचं ऑपरेशन निघालं. फायनान्सचं कर्ज घेतलं, पाच बायकांचा गट, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या चौघी तिच्या दारात. त्या चौघींनी माझ्या दारात बसून काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. त्याच गल्लीतल्या एका ताईनं मला बारमध्ये नेलं. मला कुणी पळवून नेलं नव्हतं, फसवलं नव्हतं. ताईनं सगळं सांगून नेलं होतं: किती मिळेल, काय सहन करावं लागेल, कुणाच्या गाडीत बसायचं नाही. कारखान्यात महिन्याला जे मिळायचं ते बऱ्या आठवड्यात सुटायचं. रात्रीचं काम, म्हणजे मुलगी झोपली की जायचं आणि सकाळी डबा करायला घरी. हेच कारण. यापेक्षा मोठं कारण शोधायला कमिटी नेमायची गरज नाही.

सगळ्यांची कारणं एक नाहीत, हेही सांगते. एकीचा नवरा कोरोनात गेला आणि सासरच्यांनी बाहेर काढलं. एक माढ्याकडची आहे, तिच्या घरात आजीपासून नाच. तिनं मोडनिंबच्या कला केंद्रात बैठकीची लावणी केली आहे, तिला आमचा नाच नाचच वाटत नाही. एक जण कर्नाटकातली, पाठच्या दोन भावांची इंजिनिअरिंगची फी भरली. ते भाऊ तिला लग्नाला बोलावत नाहीत. आणि एक पोरगी आहे, बावीसची, तिला खरोखर नाचायलाच आवडतं. दुपारी कुणी नसताना मोठ्या आरशासमोर तीच स्टेप घोटत बसते, घामानं भिजते. तिच्याकडे बघून वाटतं, हिला वेळेवर कुणी शिकवलं असतं तर.

मला आवडतं का? पहिला अर्धा तास आवडतो. गर्दी झालेली नसते, आवाज बरोबर लागलेला असतो, पायात चप्पल नसते, आणि अंग आपोआप चालतं. विड्यांनी वाकलेल्या आईच्या पाठीकडे बघत मी मोठी झाले, त्यामुळे ताठ उभं राहून, मान वर करून काम करायला मिळतं याचं मला अप्रूप आहे. स्वतःच्या हातात पैसा येतो, तो कुणाला न विचारता खर्च करता येतो, हेही आवडतं. एक म्हातारे कस्टमर होते, एक बिअर घेऊन कोपऱ्यात बसायचे आणि मुलीच्या परीक्षेचं विचारायचे. ते आले की बरं वाटायचं.

बाकीचं आवडत नाही. हसून हसून जबडा दुखतो. कुणी मनगट धरतं तेव्हा हसतच सोडवून घ्यावं लागतं, कारण तो रागावला तर मॅनेजर मलाच बोलतो. टिपेचं कलेक्शन मालक निम्मं ठेवतो, कधी निम्म्याहून जास्त, हिशेब दाखवत नाही. आणि चोरखोली. मेकअपच्या खोलीतला आरसा सरकवला की मागे कपाटाएवढी जागा. छाप्याची कुणकुण लागली की आम्हाला तिच्यात कोंबतात. एकदा आम्ही सात-आठ जणी होतो, पंखा नाही, एकीला दमा. तिनं माझ्या खांद्यात दात रोवले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दार उघडलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ही खोली मालकानं बांधली, पण तिची गरज आपल्या कायद्यानं निर्माण केली.

त्या कायद्याबद्दल बोलू. २००५ साली तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबा पाटील यांनी डान्सबार बंद केले. माझी एक मावशी तेव्हा पनवेलकडे नाचत होती, ती ट्रंक घेऊन सोलापूरला परत आली. बंदी साध्या बारला होती. थ्री स्टार आणि वरच्या हॉटेलांना सूट होती. तोच नाच तिथे कला आणि आमच्याकडे अश्लील. २००६ मध्ये हायकोर्टानं ती बंदी उडवली, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही उडवली. कोर्टानं लिहिलं की ७५,००० हून जास्त बायका बेकार झाल्या आणि त्यातल्या अनेकींना पोटासाठी वेश्याव्यवसायात जावं लागलं. बायकांना वाचवायला आणलेल्या कायद्यानं हे केलं! मावशीचं मी इथे लिहिणार नाही, ती आता नाही. कोर्टानं हेही म्हटलं होतं की बंदी घालण्यापेक्षा या बायकांची सुरक्षितता बघा, कामाची परिस्थिती सुधारा. त्यावर विधानसभेनं काय केलं? २०१४ मध्ये चर्चा न करता एकमतानं पुन्हा बंदी. एरवी एकमेकांची तोंडं न बघणारे पक्ष आमच्याविरुद्ध एका मिनिटात एक झाले.

मग २०१६ चा कायदा. त्याच्या नावातच महिलांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण आहे. अटींमध्ये लिहिलं होतं की बाईशी लेखी करार करा, पैसे तिच्या बँक खात्यात भरा. मी इतकी वर्षं काम करते, मला करार दाखवा. तुमचा एकही माणूस कधी करार तपासायला आला नाही. स्टेजवर किती बायका आहेत तेवढं मोजायला येतात. चार बायका आणि चार पुरुष ही तुमची अटही सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये रद्द केली, तरी मोजणी चालूच आहे. २०१९ मध्ये कोर्टानं सांगितलं की टीप हातात दिलेली चालेल, उधळायची नाही. डान्सबारचे परवाने तुम्ही देत नाही म्हणून मालक ऑर्केस्ट्राच्या परवान्यावर आम्हाला उभं करतात, आणि त्याच कारणासाठी तुम्ही आम्हाला धरता.

पुनर्वसन करू, असं प्रत्येक वेळी म्हणालात. कुठे झालं? कुणाचं झालं? मावशीला एक शिलाई मशीन देतो म्हणून फॉर्म भरून घेतला होता. मशीन आलं नाही. आणि शिलाई मशीनवर मी बसून आले आहे, त्यातून सुटले म्हणूनच बारमध्ये गेले, हे मंत्रालयात कुणाला कसं कळणार?

पंढरपुरात जन्मलेल्या तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर पोटुशा असताना नाचल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडून पुन्हा बोर्डावर गेल्या, हे तुम्ही भाषणात सांगता. तिच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. ती हलाखीत गेली. त्या रात्री तिला हौस होती का, का पोटासाठी गेली? मला वाटतं दोन्ही. माझंही दोन्ही आहे. तिचा फोटो तुम्ही भिंतीवर लावता आणि माझा व्हिडिओ गावात सोडता. आमच्याच जिल्ह्यात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला स्टेज बांधून रात्री दहापर्यंत बायका नाचवतात, पुढच्या खुर्च्यांवर बंदोबस्तातले साहेब बसतात. तिथे कुणाची ओढणी खाली करायला लावल्याचं मी ऐकलं नाही.

मोबाईलवर मी परदेशातलं वाचते. तिकडे बायका कपडे उतरवून नाचतात, आम्ही ते करत नाही, पण त्यांची गाऱ्हाणी वाचताना ओळखीची वाटतात. लॉस एंजेलिसमध्ये स्टार गार्डन म्हणून क्लब आहे, तिथल्या नर्तकी २०२२ मध्ये संपावर गेल्या. कस्टमर चोरून शूटिंग करतात आणि सुरक्षारक्षक मध्ये पडत नाहीत, ही तक्रार होती. २०२३ मध्ये त्यांनी युनियन मिळवली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यानं २०२४ मध्ये कायदा करून क्लबमध्ये सुरक्षारक्षक आणि धोक्याचं बटण सक्तीचं केलं. त्यांना कुणी आधी हौस विचारली नाही. आपल्याकडेही भारतीय बारगर्ल्स युनियन सुप्रीम कोर्टापर्यंत लढली. सोलापुरात तिची शाखा असती तर मी पहिली वर्गणी दिली असती.

असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड काढताना व्यवसायाच्या रकान्यात मी घरकाम लिहिलं. तुमच्या यादीत मी नाही. लाडक्या बहिणीच्या यादीत मात्र आहे. १५०० चे २१०० करू म्हणालात, मत घेतलंत, झाले नाहीत. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही रात्री कामावर असते तेव्हा. शहरात दुसरं काम आहे म्हणता, कुठे आहे ते दाखवा. इथली शिकलेली पोरं पुण्याच्या गाडीत बसतात आणि परत येत नाहीत. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागांवर काय काय आलं, कुणाचं आलं, हे सोलापूरकरांना पाठ आहे. त्या बंद पडताना सरकार बघत बसलं, कुणावर छापा पडला नाही. काम देता येत नाही त्या सरकारनं मिळालेलं काम काढून घेऊ नये.

छाप्यात पोलिसांशिवाय एकही माणूस आणि एकही कॅमेरा आत येता कामा नये, आणि आला तर छाप्याच्या अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी. त्या रात्री आमच्या पर्स आणि मोबाईल घेतले, पंचनाम्यात निम्म्यांचे नाहीत, ते परत मिळावेत. सील ठोकताना बायकांचा राहिलेला पगार आधी मालकाकडून वसूल करा. करार तपासा, चोरखोली तोडा, कामगार म्हणून आमची नोंद करा. दया नको.

२००५ पासून आजवर सोलापूर जिल्ह्यात बारमध्ये काम करणाऱ्या किती बायकांचं पुनर्वसन झालं, त्यावर किती खर्च झाला, याची तालुकावार माहिती मी माहितीच्या अधिकारात मागितली आहे. तो कायदाही २००५ चाच. त्या अर्जावर माझं खरं नाव आणि पत्ता आहे, इथे लिहीत नाही. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे, आणि महिनाअखेर पत्ता बदलणार असल्यानं नवीन पत्ता मी टपालानं कळवीन.

आपली,
सोलापूर शहरातली एक कामगार बाई