जमीन आमची, गॅस निम्माच

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आत्याचा फोन आला होता. ‘शुभाच्या शेतात गॅस लागला’ असं तुम्ही गोतावळ्यात सांगून मोकळे झालात! लागलेलं काहीही नाही. कंपनीचा माणूस भाडेपट्ट्याचा कागद घेऊन आला, इतकंच. आणि शेत कसलं, घरामागची 8 एकर उतरण.

इथे अमेरिकेत, पेन्सिल्वेनिया राज्यात खासगी जमिनीखालचा गॅस सरकारचा नसतो. आपल्याकडे स्वतःच्या रानातला मुरूम उचलायचा तरी तहसीलची परवानगी लागते, ते तुम्ही तलाठी म्हणून जन्मभर पाहिलंत. पण इथे वरची जमीन एकाला आणि खालचं खनिज दुसऱ्याला विकता येतं. म्हणून आधी वॉशिंग्टन काउंटीच्या नोंदणी कार्यालयात जाऊन जुनी खरेदीखतं काढली. तुम्ही असतात तर संध्याकाळपर्यंत जागचे हलला नसतात. चतुःसीमा पांढऱ्या ओकच्या झाडापासून सुरू होते आणि एका दगडाशी संपते! आमच्या जमिनीखालचा कोळसा शंभर वर्षांपूर्वीच विकून झालाय. आणि 1950 नंतरच्या एका खतात अगदी तळाला एक ओळ आहे : तेल व वायूचा निम्मा हक्क विकणाऱ्याने स्वतःकडे व वारसांकडे राखून ठेवला आहे. हे वारस कुठे असतील, देव जाणे. आपल्या सातबाऱ्यावर निदान ‘इतर हक्कां’त काहीतरी दिसलं असतं.

आता पैशाचं. इथे हजारो फूट खोल मार्सेलस नावाचा शेलचा, म्हणजे पापुद्र्यांच्या खडकाचा, थर आहे. त्यातला गॅस फ्रॅकिंगने, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडून, काढायची सुरुवात 2004 मध्ये आमच्याच काउंटीतल्या एका विहिरीपासून झाली. विहीर खाली जाऊन आडवी वळते, ती मैल-दोन मैल जाते, त्यामुळे पुष्कळांच्या जमिनी मिळून एक युनिट करतात. 640 एकरांचं युनिट धरलं, तर आमचा 80वा हिस्सा. कायद्याने किमान रॉयल्टी, म्हणजे निघालेल्या गॅसच्या पैशातला मालकाचा वाटा, साडेबारा टक्के. म्हणजे 640 डॉलरचा गॅस निघाला की 1 डॉलर, त्यातही अर्धा त्या वारसांचा. वर गॅस शुद्ध करण्याचा, वाहून नेण्याचा खर्च आमच्या वाट्यातून कापायला इथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये मुभा दिलीय. पहिलं वर्षभर विहीर जोरात चालते, मग झपाट्याने उतरते. भावाची तऱ्हा टोमॅटोसारखी : दहा लाख बीटीयू (हे उष्णतेचं माप, गॅस त्यावरच विकतात) गॅसला 2008च्या उन्हाळ्यात 13 डॉलर, 2020 मध्ये 2च्याही खाली.

तरी सही करू म्हणतो, पण दोन कलमं घातल्यावर. आमच्या आवारात यंत्र, रस्ता, खड्डा काही नको आणि रॉयल्टीतून कपात नको. पहिल्याला ते लगेच ‘हो’ म्हणाले, दुसऱ्याला नाक मुरडतायत. वकीलबाई म्हणतात, थांबा, घाई त्यांना आहे.

आई, तू विहिरीच्या पाण्याचं विचारलं होतंस. ड्रिलिंगआधी बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून घेतोय. गॅसची विहीर 2,500 फुटांच्या आत असेल आणि काम झाल्यावर वर्षभरात पाणी बिघडलं, तर कायदा दोष आधी कंपनीचाच धरतो. तरी जुना अहवाल हाताशी असलेला बरा.

आणि बाबा, दादाला सांगा, आमच्या गॅसच्या भरवशावर फ्लॅटचा बयाणा देऊन बसू नकोस.

तुमची,
शुभा