स्कॅन आणि इंजेक्शनमागची माणसं पण पेपरात येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात सत्कार-समारंभांचं अख्खं पान होतं, चहा घेता घेता मी ते शेवटपर्यंत वाचलं. गायक, नट, खेळाडू, समाजसेवक सगळे होते, बऱ्याच जणांचं काम खरंच मोठं आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मी जी नावं शोधत होते ती त्यात नव्हती आणि इतक्या वर्षांत कधी दिसली पण नाहीत, म्हणून हे पत्र. शरीराच्या आत बघायच्या मशीनवर आणि नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या, औषधांवर ज्यांनी आयुष्य घातलं त्या संशोधकांबद्दल मला लिहायचंय. मी सायन्सची नाही, शाळेत मराठी शिकवायचे, रिटायर होऊन सात वर्षं झाली. हे सगळं कळलं ते घरातल्या दोन आजारपणांमुळे.

पहिलं मे 2021 मधलं. माझे दीर कोविडमधून उठून घरी आले आणि आठवड्याभरात डोळ्याखाली सूज, गाल बधिर, वरचे दात हलायला लागले. म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, लायपोसोमल अँफोटेरिसिन बी, 50 मिलिग्रॅमच्या कुप्या, रोज 6. तेव्हा ज्यांच्या घरात म्युकरचा पेशंट होता त्यांना रोज 6 म्हणजे काय ते सांगायला नको. मेडिकलवाले फोन उचलेनात, वाटप सरकारच्या हातात गेलेलं, आमचा पुतण्या आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन दिवसभर फिरायचा आणि रात्री रिकाम्या हातानं यायचा. चार दिवस मिळालंच नाही, मग साधं अँफोटेरिसिन चालू केलं. ते सलाइन लावलं की भाऊजींना अशी हुडहुडी भरायची की लोखंडी पलंग वाजायचा, दोन ब्लँकेटं घालून मी पाय धरून बसायचे, आणि तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीवर आलं. पाचव्या दिवशी लायपोसोमलवालं मिळालं आणि ते मात्र त्यांनी सोसलं. एक डोळा गेला पण माणूस घरी आला.

औषध एकच, मग एकानं किडनी धरली आणि दुसऱ्यानं नाही असं का, हे मी तिथल्या एका रेसिडेंट मुलाला विचारलं. ड्युटी संपवून निघाला होता बिचारा, तरी थांबला आणि केसपेपरच्या मागे एक गोल काढून दाखवला. उकडीच्या मोदकात सारण असतं तसं हे औषध स्निग्ध पदार्थाच्या अगदी बारीक गोळीत ठेवलेलं असतं, गोळी एवढी लहान की आपल्या केसाच्या जाडीत तशा हजारएक शेजारी शेजारी बसतील. त्यामुळे औषध रक्तात मोकळं सुटत नाही, किडनीला कमी लागतं आणि बुरशीपर्यंत जास्त पोचतं. ह्यालाच नॅनोमेडिसिन म्हणतात काकू, असं तो म्हणाला.

पुढे मी जमेल तसं वाचत गेले. अशा गोळ्या, म्हणजे लायपोसोम, पहिल्यांदा इंग्लंडमधे अॅलेक बँगहॅम ह्यांना 1960 च्या दशकात दिसल्या. आणि मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट ही की लायपोसोमल अँफोटेरिसिनचं भारतीय रूप तयार करण्यात दिल्ली विद्यापीठाचे प्रा. बच्छावत आणि मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर ह्यांचा मोठा वाटा आहे. 1990 च्या दशकातलं काम हे, काळा आजाराच्या (हा वाळूमाशीमुळे होणारा ताप, म्युकर नव्हे) पेशंटवर त्याचे डोस ठरवायच्या चाचण्या सुद्धा ह्यांच्या टीमनं केल्या. म्हणजे ज्या औषधासाठी अख्खा महाराष्ट्र धावत होता त्यावर एक मराठी बाई तीस वर्षांपूर्वी काम करत होती, आणि त्या मे महिन्यात मी रोज तीन पेपर वाचत होते, तुटवडा, काळाबाजार, कुपीचा भाव सगळं वाचलं, हे नाव माझ्या नजरेस एकदाही पडलं नाही.

दुसरं आजारपण माझ्या धाकट्या बहिणीचं. गेल्या वर्षी तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला आणि पेट स्कॅन करायचं ठरलं. सकाळी उपाशीपोटी गेलो, आधी शुगर बघितली, मग हाताला सुई लावून एक इंजेक्शन दिलं आणि अंधाऱ्या खोलीत शाल पांघरून तासभर पडून राहायला सांगितलं, बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, चघळायचं पण नाही. बहीण घाबरली होती, म्हणून टेक्निशियन मुलीनं नीट समजावून सांगितलं. ताई, ही साखरच आहे, फक्त तिला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलाय, कॅन्सरच्या पेशी हावरट असतात, त्या साखर जास्त ओढतात म्हणून स्क्रीनवर तिथे उजेड दिसतो, आता तुम्ही हातपाय हलवले तर ती स्नायूंमधे जाईल आणि फोटो फसेल. आणि म्हणाली हे औषध पहाटे तयार झालंय, 110 मिनिटांत अर्धं होतं, साठवून ठेवता येत नाही, म्हणून आम्ही वेळेसाठी इतका आग्रह धरतो. मी बाहेर बाकावर बसून तेच डोक्यात घोळवत होते, की कोणीतरी पहाटे उठून माझ्या बहिणीसाठी हे बनवलं.

ह्या पेट स्कॅनच्या विद्येत आपल्या हरियाणातल्या अंबाल्यात जन्मलेला एक माणूस जगात पहिल्या रांगेत होता, डॉ. संजीव सॅम गंभीर, अमेरिकेत स्टॅनफर्डला रेडिओलॉजीचे प्रमुख. जिवंत शरीरात एखादं जनुक काम करतंय की नाही हे पेट स्कॅनवर बघायच्या पद्धती त्यांनी उभ्या केल्या, कॅन्सर लवकरात लवकर कसा पकडायचा हाच त्यांचा ध्यास होता. त्यांचा 16 वर्षांचा मुलगा मेंदूच्या कॅन्सरनं 2015 मधे गेला. आणि जुलै 2020 मधे ते स्वतः कॅन्सरनंच गेले, 57 वर्षांचे होते. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसले.

मग बहिणीच्या केमोत पॅक्लिटॅक्सेल आलं. हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून जुन्या प्रकारात ते एरंडेलापासून केलेल्या द्रावणात देतात आणि त्याची अॅलर्जी येऊ शकते. तिला दिलं ते नवं, अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला बांधलेलं, तेही नॅनो कणांचं, अमेरिकेत 2005 मधे मंजूर झालेलं. आता ऐका, हे पॅक्लिटॅक्सेल म्हणजे मूळचं टॅक्सॉल, एका झाडाच्या सालीतून ते वेगळं काढून त्याची रचना 1971 मधे जगापुढे मांडली ती मन्रो वॉल आणि मनसुख वाणी ह्यांच्या टीमनं. आणि हे डॉ. वाणी आपल्या नंदुरबारचे, 1925 चा जन्म! मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेले. कॅम्प्टोथेसिन म्हणून अजून एक, ज्याच्यापासून पुढे कॅन्सरची औषधं निघाली, ते पण ह्याच दोघांचं. एप्रिल 2020 मधे वयाच्या 95 व्या वर्षी ते गेले, आपण सगळे लॉकडाऊनमधे होतो. मी केमोच्या वॉर्डात शेजारच्या धुळ्याच्या बाईंना सांगितलं की मावशी हे सलाइन तुमच्या खानदेशच्या माणसाच्या शोधातून आलंय, तर त्या सलाइनच्या बाटलीकडे वळून वळून बघत होत्या. दुपारपर्यंत त्यांनी वॉर्डातल्या सगळ्यांना सांगून टाकलं.

त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे होतं तेच मला पेपरात हवंय. लोकांना हे कळत नाही, इंटरेस्ट नाही असं कृपया म्हणू नका. पुण्याइतकं विज्ञानवेडं गाव कुठे असेल, 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना बघायला पोरांच्या बसच्या बस भरून जातात. आणि जयंत नारळीकर सर 20 मे 2025 ला गेले तेव्हा आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांना सुद्धा वाईट वाटलं होतं, कारण सर मराठीत लिहायचे, त्यांनी आकाश घरात आणून दिलं. शरीराच्या आतल्या गोष्टींचं असं कोणी मराठीत सांगत नाही, संशोधक इंग्रजीत लिहितात, डॉक्टरांना वेळ नसतो, मग नाव पोचणार कसं. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमधे आकड्यापुढे एचयू लिहिलेलं असतं, त्यातला एच म्हणजे गॉडफ्रे हाउन्सफील्ड, ते मशीन करणारा इंजिनिअर, 1979 चं नोबेल मिळालेला. भाऊजींच्या फाइलमधे हे मी चार वेळा वाचलं, माणसाचं नाव आहे हे मला 60 व्या वर्षी कळलं.

आणि हे सगळं परदेशात किंवा मुंबईतच होतं असं पण नाही. आपल्या पाषाणला एनसीएल ही रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, विद्यापीठाच्या आवारात पेशी विज्ञानाची एनसीसीएस आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, विज्ञान शिकवणारी आणि संशोधन करणारी आयसर आहे. भारतातली पहिली एमआरएनए लस आपल्या पुण्यातल्या जिनोव्हा कंपनीनं केली, जून 2022 मधे तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली. आपण ह्या रस्त्यांवरून रोज जातो, आत कोण काय करतंय विचारत नाही.

माझी मागणी मोठी नाही. तुमच्या पुरवणीत महिन्यातून एक अर्धं पान द्या, एक संशोधक, त्याचं काम काय आणि ते पेशंटच्या अंगात जाऊन नेमकं काय करतं एवढं साध्या मराठीत. नुसती पुरस्काराची बातमी आणि शाल-श्रीफळाचा फोटो नको, त्यातून काही कळत नाही. आणि माणूस हयात असताना छापा. वसंत व्याख्यानमालेत एक दिवस ह्या विषयाला मिळावा, गणेश मंडळांनी एखादा देखावा ह्यावर करावा, लायपोसोमची गोळी कशी असते ते मोदकावरून दाखवायला कितीसा खर्च येतो, मी स्वतः येऊन स्क्रिप्ट लिहून देईन, पैसे नकोत.

बहिणीचं पुढचं स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. तिनं मला बजावलंय की पत्र छापून आलं तर कात्रण घेऊन ये, त्या टेक्निशियन मुलीला द्यायचंय, आणि वाणींचं नाव नंदुरबारसकट छापा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे