पाइपचा गॅस आणि ‘वीस वर्षांची’ हमी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहापुरात आमचे कुंद्याचे लहानसे दुकान आहे. दूध आटून तांबूस रंग येईपर्यंत कढईपाशी तासन् तास उभे राहावे लागते. आच वाढली की तळाला लागते, कमी पडली की रंग चढत नाही. म्हणून हे पत्र.

मध्यंतरी पाइपचा गॅस घ्या म्हणून गल्लीत आलेला मुलगा म्हणाला, ‘काका, वीस वर्षं बघायला नको.’ शेजारच्या दोघांनी सोसायटीचे कर्ज काढून भट्ट्या बदलल्या. मीही बदलणार आहे, गॅस सोयीचाच आहे. पण वीस वर्षांचे कुणी कसे सांगावे?

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी6 या समुद्रातल्या गॅस क्षेत्राचे उदाहरण फार जुने नाही. एप्रिल 2009 मध्ये गॅस सुरू झाला. रोज 8 कोटी घनमीटर निघेल असा अंदाज होता. 2010 मध्ये सहा कोटींपर्यंत गेला आणि तिथून उतरला. विहिरींत पाणी-वाळू शिरली, दाब घटला, 2014 पर्यंत उत्पादन दीड कोटींच्या खाली आले. त्या गॅसच्या भरवशावर उभारलेली वीज केंद्रे बसून राहिली. अंदाज बांधणारे अडाणी नव्हते. पण समुद्राच्या तळाखालचा खडक गॅस काढायला लागल्यावरच खरा कळतो.

अंदाज उलटाही चुकतो. अमेरिकेने लुइझियानात सबीन पास इथे 2008 मध्ये गॅस आयात करायला धक्का बांधला. शेल गॅस, म्हणजे खडकाच्या थरांत अडकलेला गॅस, एवढा निघाला की 2016 पासून तिथूनच निर्यात सुरू झाली.

आपल्या जिल्ह्यातून दाभोळ-बेंगळुरू गॅसवाहिनी जाते. देशाला लागणारा जवळपास निम्मा गॅस बाहेरून येतो, म्हणजे जहाजांचा प्रश्न आलाच. लाटा अडवणारा बांध नसल्यामुळे जहाजातून गॅस उतरवायचा दाभोळचा धक्का कित्येक वर्षे पावसाळ्यात बंद ठेवावा लागे. रशियाच्या गॅझप्रॉम कंपनीशी वीस वर्षांचा करार असूनही 2022 मध्ये ‘गेल’ या आपल्या सरकारी गॅस कंपनीला ठरलेली जहाजे मिळेनाशी झाली. करार कागदावर होताच!

तेव्हा विनंती एवढीच, की गॅसपुरवठ्याची बातमी छापताना आपल्या वार्ताहरांनी विचारावे: हा गॅस कुठल्या क्षेत्रातला, करार कोणत्या सालापर्यंतचा, कमीत कमी किती मिळेल आणि भाव कशाला बांधलेला आहे? शेजाऱ्यांच्या कर्जाचे हप्ते पाच वर्षांचे आहेत. निदान तेवढ्या वर्षांचे उत्तर तरी छापून यावे.

आपला,
एक कुंदा व्यावसायिक, शहापूर, बेळगाव